खळबाई आणि न कुजलेली पट्टी

खळबाईबद्दल गोदामवाल्याला खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. नऊ वर्षं दोघांनी एका छपराखाली काम केलं, पण तिच्या घराला खिडक्या किती, असं कुणी विचारलं तर तो गप्प बसला असता. तिला गोड आवडायचं की तिखट, हेही त्याला सांगता आलं नसतं, कारण ती डबा भिंतीकडे तोंड करून खायची. ती गेल्यावर तिची भाची कारखान्यात आली, मावशीच्या कामाच्या चपला आणि रबरी एप्रन न्यायला. निघताना तिने विचारलं, "काका, मावशी कामावर कशी होती हो? घरी कामाचं काही बोलायचीच नाही."

गोदामवाल्याने घसा खाकरला. "चांगली होती," म्हणाला. मग एप्रनची घडी घालत राहिला, आणि ती घडीसुद्धा वाकडीच आली. भाची फाटकाबाहेर पडल्यावर त्याच्या मनात आलं, चार गोष्टी सांगता आल्या असत्या. निदान एक तरी धड सांगायला हवी होती. ती ही.

कारखाना खाडीच्या काठाला होता. पूर्वी तिथे बर्फ व्हायचा. यंत्रं भंगारात गेली, उरल्या त्या हातभर जाड भिंती आणि फरशीतून पाणी वाहून जायला केलेल्या चरी. मालक तरुण होता, शिकलेला होता, आणि समुद्रातल्या शेवाळापासून मातीत मिळून जाणाऱ्या पिशव्या करायच्या, हे त्याने डोक्यात घेतलं होतं. खाडीत दोरांवर वाढवलेलं तपकिरी शेवाळ होडीतून यायचं. ते जाळ्यांवर वाळवून गोण्यांत भरायचं आणि गोदामात सांभाळायचं, हे गोदामवाल्याचं काम. तिथून पुढे खळबाईचं राज्य सुरू व्हायचं. ती शेवाळ धुवायची, धुण्याचा सोडा घालून मोठ्या कढईत मंद आचेवर ढवळत बसायची. दोन-अडीच तासांत त्याचा दाट, चिकट रस व्हायचा. तो कापडातून गाळायचा, वाळल्यावर कडकड मोडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालायचं, काचेच्या तक्त्यांवर ओतून लाकडी पट्टीने सारखा करायचा. वरून चुनखडीच्या क्षाराचं पाणी मारलं की तो घट्ट धरायचा आणि पुन्हा पाण्यात विरघळायचा नाही. दोन दिवसांनी काचेवरून पापुद्रा सोलून निघायचा, त्याच्या पिशव्या व्हायच्या.

पहिल्या दिवशी मालकाने त्या रसाचं शास्त्रीय नाव सांगितलं होतं. चांगलं लांबलचक होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खळच ना?" त्या दिवसापासून ती खळबाई झाली.

पिशव्या जायच्या रोपवाटिकेला. त्यात माती भरून झाडाचं रोप लावायचं, दीड महिना मांडणीवर वाढवायचं, आणि मग डोंगरउतारावर पिशवीसकट खड्ड्यात ठेवून द्यायचं. मांडणीवर बाहेरून हवा लागते तोवर पिशवी दीड महिना टिकली पाहिजे आणि जमिनीत गेली की महिन्याभरात नाहीशी झाली पाहिजे, नाहीतर मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात. टिकवणं काय, कुणालाही जमतं, खळबाई म्हणायची. वेळेवर जाणं अवघड.

म्हणून तिने कढईखोलीच्या मागे एक वाफा केला होता. प्रत्येक घाण्याच्या पापुद्र्याच्या चार पट्ट्या कापून ती तिथे पुरायची आणि डोक्याशी विटेवर घाण्याचा आकडा लिहायची. दर गुरुवारी दुपारी एक पट्टी उकरायची. पहिल्या आठवड्यात पट्टी मऊ पडलेली असायची, दुसऱ्यात तिला भोकं पडायची, तिसऱ्यात चिमटीत धरली की तिचा चुरा व्हायचा. चौथ्या आठवड्यात माती चाळूनही काही मिळालं नाही की ती खूश. हाताला काही लागलं नाही म्हणून खूश होणारी बाई गोदामवाल्याने दुसरी पाहिली नाही.

पिशव्या चिकटवणाऱ्या बायकांत एक होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. गुरुवार आला की ती खिडकीतून ओरडायची, "खळबाई, आज कुणाला उकरताय?"

"कुणाला नाही. तुला पुरायला जागा बघतेय."

"मग जरा ऐसपैस बघा. माझी देहयष्टी माहितेय ना?"

"म्हणूनच तर दोन वर्षं बघतेय, मिळत नाही."

एवढंच ती हसायची. मग पुन्हा गुडघ्यावर बसून मातीत बोटं घालायची.

आता गोदामवाल्याचं. आदल्या वर्षी हवा फार दमट झाली, आणि त्याच्या गोदामात अकरा गोण्यांना बुरशी धरली. मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "काका, पुन्हा असं झालं तर मला गोदामाला दुसरा माणूस बघावा लागेल." गोदामवाल्याचं वय तेव्हा अडुसष्ट. घरी बसलेल्या म्हाताऱ्याला सून चहा देते, पण कप जरा जोरात टेकवते, हे त्याने शेजाऱ्याच्या घरी पाहिलं होतं. आपल्यावर ती पाळी येऊ नये, एवढीच त्याची इच्छा.

यंदा हवा पुन्हा तशीच झाली. एका सकाळी मागच्या रांगेतल्या गोण्यांवर त्याला पांढरी लव दिसली. पाण्याची टाकी हिरवी होऊ नये म्हणून आणलेला मोरचूद गोदामातच होता, डबाभर निळे खडे. त्याचे वडील बागेत झाडांच्या बुंध्यांना मोरचुदाचं पाणी मारायचे, बुरशी जागच्या जागी मरायची. त्याने दोन मुठी बादलीत विरघळवल्या आणि फवारणीच्या पंपाने मागची सगळी रांग भिजवून काढली, तीही गोण्यांची तोंडं उघडून, शेवाळाच्या आतपर्यंत. आठवड्याभरात लव गेली. गोण्या अशा दिसायला लागल्या की कालच आणल्यात. कुणाला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. आपली अब्रू आपण झाकली, त्यात काय सांगायचं?

त्या रांगेतल्या गोण्यांचे तीन घाणे शिजले. पिशव्या रोपवाटिकेला गेल्या, पट्ट्या वाफ्यात गेल्या.

पहिल्या गुरुवारी पट्टी मऊ पडली नव्हती. खळबाई म्हणाली, माती कोरडी असेल, आणि तिने पाणी घातलं. दुसऱ्या गुरुवारी तिने पट्टी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. पट्टी ताणली गेली आणि परत आली. तिसऱ्या गुरुवारी तिने तीनही घाण्यांची एकेक पट्टी काढली, नळाखाली धुतली, आणि तिन्ही तारेवर वाळत घातल्या. काल सोलल्यासारख्या लखलखत होत्या.

गोदामवाला चहाचा पेला घेऊन तिथून चालला होता. पट्टीच्या आरपार उजेड आला होता, आणि एरवीच्या तपकिरी रंगात त्याला हिरवट झाक दिसली. तो थांबला. पुढची पट्टी पाहिली. तीच झाक. चहा तसाच हातात घेऊन तो गोदामात परतला आणि मोरचुदाचा डबा गोण्यांच्या मागे सरकवून ठेवला.

इकडे मालक आनंदात होता. रोपवाटिकेच्या बाईंचा फोन आला होता की या खेपेच्या पिशव्या झकास आहेत, मांडणीवर एकही फाटली नाही, बुरशीचा ठिपका नाही. मालक कढईखोलीत येऊन म्हणाला, "खळबाई, काय जादू केलीत? असाच घाणा काढत चला."

"त्या परत मागवा."

"काय?"

"पिशव्या. कुजत नाहीयेत."

मालक हसला. "अहो, जग माल टिकत नाही म्हणून रडतं. तुम्ही टिकतोय म्हणून रडताय."

ती हसली नाही. एप्रनला हात पुसत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. पाणी जास्त मारतेय की आच चुकतेय, मला कळेनासं झालंय. आधी नुसतं ढवळताना कळायचं. आता हात सांगत नाही. रंगसुद्धा मला हिरवा दिसतो, म्हणजे डोळेही गेले." मग म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून कढईला दुसरं कुणी बघा. मी गाळण्याचं काम करीन. फरशी धुवीन."

गोदामवाला दारात उभा होता, रिकामी गोणी खांद्यावर. एक वाक्य बोलायचं होतं. तो गोणी घेऊन गेला.

त्यानंतरचे दिवस त्याला कसे गेले ते त्याचे त्यालाच ठाऊक. खळबाई रोज लवकर येऊन छोट्या पातेल्यात एकेक नमुना शिजवायची, कधी सोडा कमी, कधी आच कमी. गोण्या मात्र त्याच्याकडूनच जायच्या, त्याच रांगेतल्या, म्हणून काहीही केलं तरी झाक यायचीच. एकदा त्याने पुढच्या रांगेतली चांगली गोणी हळूच पुढे केली. ती म्हणाली, "नको दादा, मागचीच द्या. गोणी बदलली तर चूक माझी की मालाची, कळणार कसं?" मालाचा संशय तिला आला होता असं नाही. नीट काम करणारा माणूस असंच करतो, म्हणून. पण गोदामवाल्याला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. मग त्याने पाहिलं, ती कढईशेजारी उभी राहून स्वतःची बोटं एकमेकांवर घासून बघत होती. दुकानात कापडाचा पोत बघतात तशी.

चौथ्या गुरुवारी ती वाफ्याशी बसली होती. तो गेला आणि शेजारी उभा राहिला.

"बाई."

"हं."

"मी मोरचूद मारला होता."

ती उकरत राहिली. "कशावर?"

"गोण्यांवर. मागच्या रांगेवर. बुरशी धरली होती."

आता खुरपं थांबलं. "किती?"

"दोन मुठी. बादलीभर पाण्यात."

"नुसता वरून?"

"आतपर्यंत."

तिने खुरपं मातीत रोवून ठेवलं. मग तिने वर पाहिलं. गोदामवाल्याला वाटलं होतं, ती रडेल किंवा सोडून देईल. दोन्ही झालं नाही.

"दोन आठवडे," ती म्हणाली. "दोन आठवडे मी माझ्या हाताला शिव्या घातल्या. सकाळी उठले की आधी बोटं मोडून बघायची. भाचीला सांगितलं, माझे दिवस भरले, तुझ्या कामाचं काहीतरी बघ. आणि तुम्ही रोज या दारावरून जात होता. चहा पीत होता!"

"चूक झाली."

"मोरचूद मारलात ही चूक झाली. अडाणीपणा झाला, होतो. पण गप्प बसलात त्याला काय म्हणू? सांगा, तुम्हीच शब्द सांगा."

ती उठली, गुडघ्याची माती झटकली. "मालकांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. आणि माझ्यासमोर सांगायचं."

मालकाने सगळं ऐकून घेतलं. गोदामवाला खाली बघून बोलत होता, त्यामुळे मालकाचा चेहरा त्याला दिसला नाही. ऐकू मात्र आलं. "मोरचूद?" मालक म्हणाला. "म्हणजे तो आत जाऊन घट्ट धरतो... काका, तुम्ही तर शोध लावलात! खळबाई, थोडासाच घातला तर?"

"तर बाहेरची पाटी बदला," खळबाई म्हणाली.

"अहो, मी नुसता विचार—"

"मातीत मिळणारी पिशवी असं लिहिलंय पाटीवर. मोरचुदाने झाडाची मुळं जळतात. ही पिशवी ना कुजणार ना मुळं जाऊ देणार. आपण प्लास्टिकच केलं की! ते मला करता येतं. एकोणीस वर्षं तेच केलं. त्यासाठी इथे कढईसमोर घाम गाळायला नको होता."

मालक माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "रोपं लावलीयत त्यांत. परत कशी मागवणार?"

"मागवू नका. मी जाते. एकेक पिशवी कापून काढते. दादा येतील बरोबर."

गोदामवाल्याला कुणी विचारलं नाही. आणि तेच बरोबर होतं.

रोपवाटिकेत ते दोघे पाच दिवस बसले. समोरासमोर दोन खोकी, मध्ये रोपांची रांग, हातात कात्र्या. पिशवी उभी चिरायची, मातीचा गोळा फुटू न देता सोलायची, रोप तिथल्या बायांच्या हातात द्यायचं, त्या आधीच्या चांगल्या घाण्याच्या पिशवीत बसवायच्या. पिशव्या लवकर चिरत नव्हत्या, कातरी सरकायची. काही मुळांची टोकं काळी पडली होती. अशी रोपं खळबाई वेगळी ठेवायची आणि काही न बोलता त्याच्यासमोर सरकवायची, त्याला दिसावीत म्हणून. पहिले दोन दिवस ती त्याच्याशी बोललीच नाही. तहान लागली की स्वतः उठून पाणी प्यायची, त्याला विचारायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम बोलायला लागली. वर न बघता, कातरी चालवत.

"मी प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात होते ना, तिथे माझं मशीन होतं, पिशवीचं तोंड तापवून चिकटवायचं. त्याच्या पातीचा एक दात वाकडा होता. प्रत्येक पिशवीच्या तळाशी एक तिरकी रेघ यायची. सुपरवायझर रोज म्हणायचा, बदलू. नाही बदलला. मग कारखाना बंद पडला. तिथला मालक वारला. मशीन वितळवून टाकलं म्हणे. माझी बहीणही त्यानंतरच गेली, पोरगी माझ्याकडे आली." तिने एक रोप बाजूला ठेवलं. "ती शाळेत होती. घरासमोरची गटार तुंबली म्हणून मी काठी घालून काढत होते. पिशवी निघाली. धुतली. तळाशी तिरकी रेघ. माझ्या हातची! अकरा वर्षांनी. पकडायचे बंद शाबूत, रेघ शाबूत. बहीण नाही, मालक नाही, मशीन नाही. पिशवी आहे."

"मग?" गोदामवाला म्हणाला.

"मग काय. घरी आणली. टाकायची कुठे? टाकली तर राहणारच. अजून आहे कपाटात." मग ती कातरी थांबवून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही दारावरून जात होतात ना, त्या दिवसांत मला हेच वाटायचं. शेवटी माझ्या हातून तेच होतंय. कितीही शिजवलं तरी तेच."

तो मान खाली घालून चिरत राहिला. आयुष्यात त्याने माफी मागितली होती ती फार तर कुणाच्या पायावर पाय पडला म्हणून. तो म्हणाला, "बाई, मी नोकरीला घाबरलो."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं. आता कळलं. तीन दिवस समोर बसलाय. माणूस एवढा वेळ समोर बसला की कळतं." आणि मग कातरी खाली ठेवत, "त्या कोपऱ्यातल्या माठातलं पाणी गार आहे. तुमच्यासाठीही आणते."

पाचव्या दिवशी शेवटची पिशवी चिरून झाली. कापलेले पापुद्रे गोण्यांत भरून ते परत घेऊन आले, आणि मालकाने ते सगळे भट्टीत जाळू दिले नाहीत. तारीख लिहून एक गोणी तशीच ठेवा, म्हणाला, आपल्याला लाज वाटत राहील. गोदामवाल्याची नोकरी गेली नाही. खळबाई त्याच्यासाठी बोलली की नाही, ते त्याला कधी कळलं नाही. तो विचारायला धजला नाही, आणि आता विचारायला ती नाही. ती कढईवर परत उभी राहिली. पहिला घाणा तिने स्वच्छ गोणीचा काढला, आणि चौथ्या गुरुवारी वाफ्यात काही सापडलं नाही. खिडकीतली बाई म्हणाली, "मिळालं का काही?" खळबाईने दोन्ही हात पसरून रिकामे दाखवले.

त्यानंतर ती सात महिने होती. पोटात दुखायचं, ते ती कुणाला सांगायची नाही. कढईसमोर एक हात कमरेवर ठेवून ढवळायला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, वय झालं. भाचीने जबरदस्तीने तपासण्यांना न्यायचं ठरवलं. दोन दिवसांचं काम, असं सगळे म्हणत होते. त्या दोन दिवसांचे अडीच आठवडे झाले आणि ती कारखान्यात परत आली नाही. दवाखान्यात भेटायला जावं, असं गोदामवाल्याच्या रोज मनात यायचं. पण तिथे जाऊन बोलायचं काय, हे सुचेना, आणि सुचेपर्यंत उशीर झाला.

म्हणून त्याच्यापाशी आहे ते ती तपासण्यांना गेली त्याच्या आदल्या दिवशीचं, बुधवारचंच. काम सुटलं होतं, ती पिशवी खांद्याला लावून फाटकाशी निघाली होती आणि तो गोदामाला कुलूप लावत होता. ती वळून परत आली.

"दादा, उद्या मी नाही. पट्टी तुम्ही काढा."

"मी?"

"मग कोण? तिसऱ्या विटेची. दुपारी काढा, सकाळी नको, सकाळी माती ओली असते."

"काढतो."

"चष्मा लावून बघा."

"चष्मा असतोच माझ्याकडे."

"कपाळावर असतो," ती म्हणाली. "बरं, येते."

"या," तो म्हणाला.